कामानंतरच्या वेळेचे मोल

आज पदवी स्वीकारणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सर्वप्रथम तुम्हा सर्वांचे मनापासून अभिनंदन. गिरणगावातल्या रात्र महाविद्यालयाचा हा समारंभ आहे. म्हणूनच मुलांची पदवी पाहायला आलेल्या आईवडिलांबरोबर इथे आईची पदवी पाहायला आलेली मुलेही बसली आहेत. तुमच्यापैकी कोणी दिवसभर रुग्णालयात वॉर्डबॉयचे काम करतात, कोणी मॉलमधल्या दुकानात उभ्या असतात, कोणी पार्सले पोहोचवतात, कोणी पहाटे उठून पोळीभाजीचे डबे भरतात. आणि मग संध्याकाळी दादर, परळ, करी रोडच्या पुलांवरून, घराकडे निघालेल्या गर्दीतून वाट काढत तुम्ही वर्गात येऊन बसता. ही पदवी अशा संध्याकाळींची आहे.

रात्रीच्या कॉलेजला आपल्या समाजात दुय्यम मानले जाते. 'दिवसाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही का?' हा प्रश्न तुमच्यापैकी प्रत्येकाने ऐकला असेल. त्याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे आणि ते मान ताठ करून द्यावे असे आहे.

1855 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारी माणसे तिथे येत आणि हे दोघे स्वतः त्यांना शिकवत. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतर दोन वर्षांनी, 1857 साली झाली. म्हणजे कष्टकऱ्यांची रात्रशाळा महाराष्ट्रात विद्यापीठापेक्षा जुनी आहे. आपण मागून आलेलो नाही.

पण शाळा उघडली म्हणजे माणूस शाळेत येऊ शकतो, असे नाही. त्याच्या हातात वेळ असावा लागतो. मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. अशा माणसाला पाटी देऊन काय उपयोग? जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. 1884 साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साप्ताहिक सुट्टीची मागणी मांडली आणि ती लावून धरली. 1890 साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. रात्रीची शाळा आणि रविवारची सुट्टी या दोन्ही गोष्टी एकाच चळवळीच्या माणसांनी आपल्याला दिल्या आहेत, हे मी तुम्हाला आवर्जून सांगतो.

पुढचा प्रवास सावकाश झाला. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला दिवसाला 12 तासांची मर्यादा घातली. त्याच वर्षी ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगार वस्त्यांत रात्रशाळा आणि वाचनालये सुरू केली. 1922 साली आठवड्याचे 60 तास ठरले, 1934 साली 54. दर टप्प्यावर कामगाराच्या संध्याकाळीत थोडी थोडी भर पडत गेली.

आणि मग 1946. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा 48 तासांवर आला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तिथले वर्ग सकाळी भरत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, घरातली माणसे झोपल्यावर अभ्यास करून मोठा झालेला हा माणूस. शिकणाऱ्याला जागा लागते तसा वेळही लागतो, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. म्हणून त्यांनी एका हाताने कामाचे तास कमी केले आणि दुसऱ्या हाताने कॉलेज उघडले.

याच गिरणगावाने कवी नारायण सुर्व्यांना घडवले. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या या माणसाने शाळेत शिपाई म्हणून काम केले आणि पुढे तो शिक्षक झाला. 1966 साली आलेल्या त्यांच्या संग्रहाचे नाव 'माझे विद्यापीठ' आहे. या नावावर तुमचाही हक्क आहे.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. फिनिक्स मिलच्या आवारात आता मॉल आहे. गिरणीचा भोंगा गेला, पण त्याबरोबर कामाची ठरलेली वेळही गेली. गिरणीतल्या आजोबांना पाळी कधी सुटणार हे ठाऊक असे. आज दुकानात काम करणाऱ्या मुलीला सणासुदीला घरी कधी जायला मिळेल हे सांगता येत नाही आणि पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाला पुढची ऑर्डर नाकारायची भीती वाटते. कष्टकऱ्याचा वेळ पुन्हा हातून निसटतो आहे. म्हणूनच तुमच्यासमोर, आजच्या दिवशी, मी हा विषय काढला.

माझे तुमच्याकडे तीन गोष्टींचे मागणे आहे.

पहिले, तुमच्या स्वतःसाठी. उद्यापासून संध्याकाळी लेक्चर नसेल. ती वेळ कोणीतरी मागेल: मालक ओव्हरटाइम मागेल, मोबाइल मागेल, थकवा मागेल. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी देऊ नका. एखादी भाषा शिका, हिशेबाचे नवे सॉफ्टवेअर शिका, नुसते वाचनालयात जाऊन बसा. इतक्या कष्टाने लागलेली सवय सोडू नका.

दुसरे, घरासाठी. तुम्ही वर्गात होता तेव्हा घरी कोणीतरी भांडी घासत होते, मुलांना झोपवत होते. आता त्या व्यक्तीची पाळी आहे. पत्नी, बहीण, सून, जी कोणी शिकायची थांबली असेल, तिचा प्रवेश अर्ज तुम्ही आणा आणि ती कॉलेजात असताना स्वयंपाकघर तुम्ही सांभाळा.

तिसरे, ज्यांना तुम्ही अजून ओळखत नाही त्यांच्यासाठी. तुमच्यातले बरेच जण उद्या सुपरवायझर होतील, कार्यालयात अधिकारी होतील, स्वतःचा धंदा काढतील. तुमच्या हाताखालचा एखादा पोरगा संध्याकाळी दारात घुटमळत म्हणेल, 'साहेब, आज पेपर आहे.' त्या क्षणी त्याला सोडा. त्याचे काम वाटून घ्या, लागले तर स्वतः करा. परीक्षेची रजा मागताना त्याला लाचार व्हावे लागू नये, असा नियम तुमच्या कार्यालयात करून घ्या. कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला लागलात तर विद्यार्थ्यांची खिडकी त्यांच्या सुटण्याच्या वेळी उघडी ठेवा.

ज्या संध्याकाळींत तुम्ही शिकलात, त्या कोणीतरी लढून मिळवलेल्या होत्या. आता त्या पुढच्या माणसाला मिळवून देणे तुमच्या हातात आहे. ते काम तुम्ही कराल, याची मला खात्री आहे.