कॉपी की सिंक? आजीचे फोटो गेले होते त्याची गोष्ट

घाटकोपरला मेट्रोच्या लायनीत उभे असाल तर ऐका निवांत. आज एक चूक सांगतोय, माझीच.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आमचं घर तेव्हा कुर्ल्यात, तळमजल्यावर. आजीची ट्रंक पाण्यात गेली, अल्बमचा लगदा झाला. साठेक फोटो वाचले, तेही बुरशी लागलेले. गेल्या वर्षी मी ते फोनवर स्कॅन केले, तर काही स्कॅन होता होता हातातच सुटले. म्हणजे आता जे काही होतं ते फोनमध्ये. म्हटलं, क्लाउडवर टाकू, तेही आपोआप.

अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप आहे, एफ-ड्रॉइडवरून घ्या. त्यात लिनक्ससारख्या कमांड चालतात. त्यात आरक्लोन टाकायचं. फुकट आहे. 'आरक्लोन कॉन्फिग' करून ड्राइव्हचं खातं एकदा जोडलं की स्क्रिप्ट म्हणजे अक्षरशः एक ओळ: आरक्लोन, मग काय करायचं, मग कुठून, मग कुठे.

मी 'काय करायचं'च्या जागी 'सिंक' लिहिलं. वाटलं, सिंक म्हणजे बॅकअपच ना! तर नाही. सिंक म्हणजे इकडे जसं आहे, अगदी तसंच तिकडे करणं. फोन भरला, मी फोल्डरमधले फोटो उडवले. वर आहेत की! रात्री स्क्रिप्ट चालली. तिला इकडचा फोल्डर रिकामा दिसला, तिने तिकडचाही रिकामा केला.

नऊ दिवसांनी आई म्हणाली, "अरे, आजीचा तो नऊवारीतला फोटो आत्याला पाठव ना." उघडतो तर काहीच नाही. पोटात गोळाच आला.

वाचलो ते ट्रॅशमुळे. ड्राइव्हवर आरक्लोनने उडवलेल्या फाइली आधी ट्रॅशमध्ये जातात आणि तिथे ३० दिवस राहतात. आईने चाळिसाव्या दिवशी विचारलं असतं तर? नकोच तो विचार.

आता माझ्या ओळीत 'कॉपी' आहे. कॉपी नवीन फाइली नेते, तिकडचं काही उडवत नाही. त्याच नावाची फाइल बदलली असेल तर मात्र जुनीच्या जागी नवी बसते, तेवढं बघा. पहिल्या वेळी ओळीच्या शेवटी 'डॅश डॅश ड्राय-रन' लावा. काय होणार ते नुसतं दाखवतं, करत काही नाही. आणि फोनवरचं उडवण्याआधी 'आरक्लोन चेक' चालवा, दोन्हीकडच्या फाइली जुळतात का ते कळतं.

आत्याला फोटो पाठवला, हो. तिने लगेच व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला. तोही चोवीस तासांत गेलाच म्हणा.