कळपाची तहान



माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात पाण्यावर बोलायला कुणाला निमित्त लागत नाही. धरणं, कालवे, उसाला जाणारं पाणी यांवर आपण चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत बोलतो. आज मी मेंढीच्या पिण्याच्या पाण्याबद्दल बोलणार आहे. पशुवैद्यक म्हणून माझी सगळी नोकरी याच पट्ट्यात गेली, आणि या पाण्याचा हिशेब मांडताना मी फार थोड्या लोकांना पाहिलं आहे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ७ कोटी ४२ लाखांच्या घरात मेंढ्या आहेत. आपल्या राज्यात त्या सुमारे २७ लाख. त्यातल्या बहुतेक दख्खनी जातीच्या, काळ्या-करड्या, घोंगडीच्या लोकरीच्या. जत तालुक्यात उंच आणि बाकदार नाकाची माडग्याळ. सह्याद्रीने पाऊस अडवला आणि उरलेल्या पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पावसावर ही जनावरं पिढ्यान्‌पिढ्या जगली. त्यातूनच एक समज पक्का झाला, की मेंढराला पाणी लागतच नाही.

हा समज आला कुठून, ते आधी पाहू. श्रावण-भाद्रपदात माळावर हिरवं गवत असतं. त्या गवतात शेकडा सत्तर-ऐंशी भाग पाणीच असतं, सकाळी त्यावर दव असतं. असं चरलेली मेंढी ओढा ओलांडताना पाण्याला तोंडही लावत नाही. हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून ते खरं वाटतं, आणि त्या दिवसांपुरतं खरं असतंही. पण चैत्र-वैशाखात तीच मेंढी वाळलेली काडी, कडब्याचा चुरा, बाभळीच्या शेंगा खाते. त्यात पाणी दहावा हिस्साच. ढोबळ नियम असा, की एक किलो सुका चारा पचवायला मेंढीला दोन ते तीन लिटर पाणी लागतं, तेही हवा बरी असताना. ऊन चाळिशीपार गेलं की हाच आकडा जवळजवळ दुप्पट होतो. पिणारं कोकरू अंगावर असेल तर आणखी वाढतो. म्हणजे तीस किलोच्या दख्खनी मेंढीला मे महिन्यात दिवसाला चार ते सहा लिटर पाणी हवं. शंभर मेंढरांचा कळप धरला तर साधारण पाचशे लिटर, म्हणजे अडीच बॅरल. डोक्यावरच्या हंड्यांनी हे पाणी आणणारी बाई हा हिशेब माझ्यापेक्षा चांगला जाणते.

आता पाणी मिळालं नाही तर काय होतं? इथे मी जरा थांबणार आहे, कारण मेंढीच्या शरीरात जे घडतं ते थक्क करणारं आहे आणि आपली फसगतही तिथेच होते.

मेंढीच्या पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. चारा भिजत घालण्याची ती जागा, पण अडचणीच्या दिवसांत ते घरातल्या रांजणाचं काम करतं. पहिल्या दिवशी मेंढी तिथलं पाणी हळूहळू रक्ताकडे घेते. मेंदूकडून मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवण्याचा निरोप जातो. माणसाच्या दुप्पट-तिप्पट दाट लघवी करण्याची ताकद मेंढीच्या मूत्रपिंडात आहे. आतडं लेंडीतलं पाणी शोषून घेतं. ओली, चकचकीत लेंडी दोन दिवसांत कोरडी, बारीक आणि खडखडीत होते. चिमटीत धरून दाबली तर पिचत नाही, तडकते. जाणते मेंढके सकाळी वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, वाकून लेंडी उचलतात आणि पाण्याची स्थिती सांगतात. मला प्रयोगशाळेने यापेक्षा लवकर कधी काही सांगितलेलं नाही.

उन्हाशी झगडण्याची तिची रीतही वेगळी. मेंढीला घाम कमी येतो. ती धापा टाकून अंग थंड ठेवते, आणि प्रत्येक धापेबरोबर वाफ बाहेर जाते. पाणी कमी पडलं की ती धापा कमी करते, दिवसा अंगाचा ताप चढू देते आणि रात्रीच्या गारव्यात तो उतरवते. भर दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली माना घालून घोळक्याने उभ्या राहतात, ते तुम्ही पाहिलं असेल. डोकं सावलीत ठेवण्याची ती धडपड असते. लोकरही इथे मदत करते. उन्हात लोकरीचं वरचं टोक हात भाजेल इतकं तापतं, पण ती उष्णता कातडीपर्यंत फार थोडी पोचते. म्हणून ऐन उन्हाळ्यात मेंढी अगदी मुळापासून कातरू नये. बोटाच्या पेराएवढी लोकर अंगावर राहू द्यावी.

या सगळ्याच्या जोरावर मेंढी किती सोसते? माणसाच्या शरीरातलं पाणी वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घटलं की जिवावर बेतायला लागतं. ऑस्ट्रेलियात १९६० च्या सुमारास मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेरिनो मेंढ्यांवर भर उन्हाळ्यात प्रयोग केले. वजनाचा पाव हिस्सा गमावूनही त्या मेंढ्या जिवंत होत्या. उंटाची सहनशक्ती याच्याच आसपास आहे. आपल्याकडे जोधपूरच्या काझरी या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात मारवाडी मेंढ्यांवर असंच काम झालं, आणि राजस्थानातच टोंक जिल्ह्यातली अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था मालपुरा मेंढ्यांवर आजही या प्रश्नाचा अभ्यास करते. पाण्यावर आल्यावर तहानलेली मेंढी काही मिनिटांत घटलेल्या वजनाचा मोठा भाग भरून काढते. कोटीपोट ते पाणी धरून ठेवतं आणि रक्तात बेताबेताने सोडतं, म्हणून एवढं पाणी एकदम पिऊनही तिला सहसा बाधत नाही.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग चिंता कसली? माझं आजचं सगळं म्हणणं याच प्रश्नासाठी आहे. मेंढी तगते, पण तगण्याची किंमत ती दुसरीकडून वसूल करते. ती किंमत आपल्याला दिसत नाही, कारण मेंढी मरत नाही.

पहिली किंमत चाऱ्याची. पाणी तुटलं की मेंढी खाणं कमी करते. समोर चारा असूनही ती खात नाही. चारा कोटीपोटात जास्त वेळ राहतो, त्यामुळे तो थोडा अधिक पचतो हे खरं, पण पोटात जातं तेच कमी, तर नफा कुठला? मग अंगातली चरबी झिजायला लागते. पाठीच्या कण्यावर हात ठेवला की मणके एकेक करून बोटाला लागतात. दुष्काळात आपण चाऱ्याच्या पेंढ्या वाटतो आणि पाण्याकडे दुर्लक्ष करतो, तेव्हा त्या चाऱ्याचाही अर्धा उपयोग वाया जातो.

दुसरी किंमत गाभण मेंढी देते. मेंढी पाच महिन्यांत विते, आणि पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमके तेच दिवस तहानेत गेले तर कोकरू हलकं जन्मतं. पोटात दोन कोकरं असतील तर आईच्या अंगातली चरबी इतक्या वेगाने झिजते, की मेंढी मान एकीकडे टाकून, डोळे असूनही न दिसल्यासारखी उभी राहते आणि दोन-चार दिवसांत आडवी होते. आम्ही याला प्रेग्नन्सी टॉक्सिमिया म्हणतो. तिथपर्यंत गेलेली मेंढी वाचवणं फार कठीण.

या बाबतीत फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या कामाचा उल्लेख करायला हवा. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला जुळं देणारा जनुक त्यांनी दख्खनी मेंढीत आणला आणि सुवर्णा ही मेंढी तयार केली. हे मोठं काम आहे, मेंढपाळाच्या घरात त्याने जादा कोकरू आणलं आहे. पण गारोळ ही पाणथळ मुलखातली. जुळं देणारी मेंढी माणदेशात पाळायची तर तिच्या पाण्याची सोय एक कोकरू देणाऱ्या मेंढीपेक्षा आधी लावली पाहिजे. सुधारित जनावर घेताना आपण किंमत विचारतो, औषधं विचारतो, पण पाणी विचारत नाही.

तिसरी किंमत कोकरू देतं. दुधात शेकडा ऐंशीहून अधिक भाग पाणी. आईला पाणी नाही तर दूध कुठून येणार? संध्याकाळी कळप वाड्यावर परतला की कोकरं आयांकडे धावतात. उपाशी कोकरू कासेला ढुशा देत राहतं, या सडावरून त्या सडावर जातं, आणि आई पाय झाडून पुढे निघून जाते. असं कोकरू पुढे आंत्रविषाराला, फुप्फुसाच्या आजाराला, साध्या पावसाळी गारठ्याला बळी पडतं. आषाढात मेलेल्या कोकराची नोंद आजाराच्या नावाने होते. त्याच्या वाट्याला चैत्रात दूध आलं नव्हतं, हे कुठेच लिहिलं जात नाही.

मेंढ्यांतल्या नरांचं थोडक्यात सांगतो. दाट लघवीमुळे त्यांना मुतखडा होतो. लघवी तुंबलेला मेंढा पोटाला ताण देत, दात खात उभा राहिला की बाजाराला न्यायला उशीर झालेला असतो. माद्यांपेक्षा नरांनाच हे अधिक होतं, कारण त्यांची मूत्रनलिका लांब आणि अरुंद.

आता पाणी कमी आहे म्हणजे केवळ थोडं आहे असं नाही. जे उरतं ते वाईटही असतं. पाझर तलाव आटत जातो तशी त्याच्या कडेला हिरवी पट्टी उरते. सगळ्या शिवारात तेवढीच हिरवळ, म्हणून परिसरातले सगळे कळप तिथेच चरतात. त्या चिखलात गोगलगायी असतात, आणि त्यांच्यातून बाहेर पडलेले यकृतकृमीचे जंतू त्याच गवताला चिकटलेले असतात. दोन-तीन महिन्यांनी मेंढीच्या जबड्याखाली पाणी उतरतं, ती खंगते. पाऊस लागल्यावर आजार दिसतो, पण तो लागलेला असतो उन्हाळ्यातल्या शेवटच्या डबक्यावर. बोअरचं मचूळ पाणी मेंढी बऱ्यापैकी सोसते, गाईपेक्षा अधिक सोसते. परंतु ठिबकसाठी युरिया विरघळवलेल्या टाकीला तहानलेल्या मेंढीने तोंड लावलं तर काही तासांत खेळ संपतो. शेतकरी बांधवांना माझी विनंती आहे, की खताच्या टाकीवर झाकण ठेवा. तुमची दोन मिनिटं जातील.

यापुढचं बोलणं काहींना रुचणार नाही, तरी बोलतो. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांनी आपल्या भागात पाणी आलं, त्याचा आनंद मलाही आहे. पण पुष्कळ ठिकाणी हे पाणी बंद नळीतून शेतापर्यंत जातं. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, उतार तीव्र असतो. मेंढी त्यात उतरली तर तिला वर येता येत नाही, बुडून मरते, म्हणून भोवती कुंपण. पूर्वी विहिरीच्या काठाला दगडी डोण असायची. मोटेचं थोडं पाणी त्यात सोडलं जायचं, ते वाटसरू जनावराचं. आज शिवारात पाणी वाढलं आणि जनावराला तोंड घालायला जागा मात्र कमी झाली. दुष्काळातल्या चारा छावण्याही मुख्यतः गाईगुरांसाठी उभ्या राहिल्या. कळप घेऊन फिरणाऱ्या धनगराला एका जागी बांधून राहणं जमत नाही, म्हणून तो त्या सोयीच्या बाहेरच राहिला.

दिवाळीनंतर धनगरांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडासह फिरणारा तळ, उठतो, कोकणाकडे किंवा भीमा-नीरेच्या काठाने जातो आणि मृगाच्या सुमारास परततो. वाटेतल्या गावांत शेतात मेंढरं बसवली की रान खताने सुपीक होतं, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. खत हवं असतं, पाणी मात्र परक्या तालुक्याच्या कळपाला द्यायचं जिवावर येतं. हे मला अन्यायाचं वाटतं. मेंढरं रात्रभर आपल्या रानात लेंड्या टाकतात. त्यांना सकाळी पाणी पाजणं हा त्या व्यवहाराचाच भाग धरला पाहिजे.

पाणी खरोखरच अपुरं असेल तर सगळ्यांना सारखं वाटू नका. गाभण, दुभत्या मेंढ्या आणि दूध सुटलेली कोकरं यांना रोज पाजा. मोकळ्या मेंढ्या आणि खच्ची नर एक दिवसाआड पाण्यावर आले तरी तगतील, खाणं थोडं घटेल. दुपारचं ऊन टळेपर्यंत कळप झाडाखाली ठेवा आणि पहाटे, संध्याकाळी चारा. पाणी सावलीत ठेवा, कारण तापलेलं पाणी मेंढी कमी पिते. हौद फूटभर उंचीचा, लांबट, आतून चुना लावलेला आणि आठवड्याला घासता येईल असा हवा. बांधकामाला फार खर्च नाही. त्याला विहिरीचा किंवा नळयोजनेचा एक वाल्व्ह आणि तो उघडायला एक माणूस लागतो, आणि गावात नेमकं तेच ठरत नाही.

१ मेची ग्रामसभा जवळ आली आहे. दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये दोन हजार मेंढ्यांचं एका दिवसाचं पिणं होतं, हा आकडा घेऊन सभेला जा. आपल्या गावात मेंढ्या किती, वाटेवरून जाणारे वाडे किती, हे सरपंचांना विचारा. पाणीटंचाईच्या आराखड्यात मेंढरांसाठी वेगळी ओळ लिहून घ्या, आणि वाड्यांच्या वाटेवर एक हौद या उन्हाळ्यातच बांधून घ्या.