आधी बियाणं काढून ठेवा

श्रोतेहो, मला आठ मिनिटं मिळाली आहेत आणि विषय माझ्या जिवाचा आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो, नाहीतर तो राहूनच जाईल. चार बाजूंच्या आवाजाच्या जुन्या रेकॉर्डी, कॅसेटी ज्यांच्या घरी पडून आहेत, त्यांनी त्या नव्या यंत्रावर चढवाव्यात. जरूर चढवाव्यात. पण आधी बियाणं काढून ठेवा.

बियाणं म्हणजे काय? आमचा बिरसा तालुका धानाचा. धान घरात आलं की घरची म्हातारी सगळ्यात आधी पुढच्या सालच्या पऱ्ह्यांपुरतं वेगळं काढते आणि कोठीत घालून ठेवते. उरलेलं मग राईस मिलला जातं. तिथून पांढराशुभ्र तांदूळ येतो, त्याचा भात होतो, सगळे पोटभर जेवतात. पण तोच तांदूळ मृगात पेरून बघा बरं! पऱ्हे उगवतील? आमच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं. पण चिन्नोरचा असला तरी सडीचा तांदूळ काही रुजत नाही.

आता माझं पाप ऐका. दुरुस्तीचं दुकान चालवतो मी, टेप आणि अ‍ॅम्प्लिफायरचं. आमच्या तालुक्यातच मलांजखंडची तांब्याची खाण आहे. हिंदुस्थान कॉपरचा तो प्रकल्प १९८२ साली उभा राहिला आणि त्याबरोबर देशभरची माणसं आपापली गाणी घेऊन इथे आली. त्यांतले एक काकाजी पंधराएक वर्षांपूर्वी दुकानात आले. हातात भावाने विलायतेहून आणलेली रेकॉर्ड, कव्हरच्या कोपऱ्यात ‘एसक्यू’ अशी दोन अक्षरं. म्हणाले, “एवढी उतरवून द्या, फोनवर ऐकतो.” मी उतरवली. कचकच होती, ती संगणकावर धुऊन काढली. वर एमपी-थ्री केली, तीही १२८ केबीपीएसची. काकाजी खूश, मीही खूश.

पुढे एका उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात ती रेकॉर्ड पापडासारखी वाकली. आणि त्याच साली त्यांच्या मुलाने पाच स्पीकरांचं होम थिएटर घेतलं. मोठ्या हौसेने माझी फाईल लावली. पुढे गाणं ठीक, पण मागचे दोन स्पीकर विहिरीच्या तळातून बोलावं तसे बुडबुडत होते. काकाजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी काय केलं होतं ते समजून घ्या. सीबीएसने १९७१ मध्ये काढलेली ही एसक्यू पद्धत म्हणजे चार भावांचं धान दोन पोत्यांत भरणं. रेकॉर्डीच्या खाचेला भिंती दोनच, पण आवाज चार कोपऱ्यांचे. मग पुढच्या दोघांचे सरळ एकेका पोत्यात घातले. मागच्या दोघांचे दोन्ही पोत्यांत वाटले आणि ओळखायला एक खूण ठेवली. ती खूण म्हणजे फेज, लहरीच्या पाव फेरीचा फरक. नुसत्या कानाला ती खूण जाणवत नाही. आणि एमपी-थ्रीचं यंत्र कानाला न जाणवणारं जे जे असेल ते तूस समजून उडवतं! नेमकी खूण त्या तुसात होती, आणि मी ती उडवून दिली. कचकच काढायच्या नादात आणखी थोडी गेली. तूस असतं म्हणूनच धान कोठीत टिकतं, हे मला, शेतकऱ्याच्या पोराला, कुणी शिकवायला हवं होतं का?

तर पुन्हा सांगतो. पहिली प्रत काहीही न धुता, न पुसता, न दाबता घ्यायची. २४ बिट, सेकंदाला ९६ हजार नमुन्यांचा वेग, वेव किंवा फ्लॅक फाईल. खरखर असेल तर खरखरीसकट. चाळीस मिनिटांची रेकॉर्ड वेवमध्ये दीड जीबीत बसते, आणि लग्नाचे व्हिडिओ ठेवायला तुमच्याकडे जागा असतेच की! ही प्रत दोन ठिकाणी ठेवा. हे झालं बियाणं. मग तिच्या नकलेवर काय तो खेळ करा.

खेळ कसा करायचा? एसक्यूचा उलगडा एसक्यूच्याच रीतीने झाला पाहिजे. नव्या रिसीव्हरवर डॉल्बीचं बटण दिसलं की आपण दाबतो. डॉल्बीच्या किल्लीने एसक्यूचं कुलूप उघडत नाही. मागचं पुढे येतं, डावं-उजवं एकमेकांत मिसळतं. १९९४ च्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’पासून आपल्याकडे डॉल्बी स्टिरिओचे चित्रपट आले, त्या जातीचा आवाज असेल तिथे ते बटण ठीक. एसक्यूचे चार मार्ग मात्र संगणकावर आधी सोडवा, चार मार्गांची फ्लॅक फाईल करा, एचडीएमआयने रिसीव्हरला द्या. मधला स्पीकर आणि सबवूफर रिकामे राहतील, राहू द्या. खुर्ची रिकामी दिसली म्हणून रस्त्यावरचा माणूस आणून पंगतीला बसवायचा नसतो.

कॅसेटवाल्यांनी तर जास्तच जपावं. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते. म्हणजे दहा हजार हर्ट्झची एक लहर तिच्यावर मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही लहान असते. प्लेअरचं हेड एका अंशाच्या सहाव्या-सातव्या भागाइतकं जरी तिरकं झालं, तरी तिथे डावं-उजवं एकमेकांच्या उलटं पडतं. मग गंमत काय होते? गायिका समोर उभी, पण तिचा ‘स’ आणि ‘श’ मागच्या भिंतीवरून येतो! हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. दोन्ही बाजू मोनो करून ऐका आणि आवाज सर्वांत झळझळीत येईल तिथे तो स्क्रू थांबवा. प्रत्येक कॅसेटीला हे करायचं, अगदी प्रत्येक. आळस नको.

मोनोचं नाव निघालंच आहे तर ऐका. आत्ता तुम्ही मला एकाच स्पीकरातून ऐकता आहात, म्हणून मी काही वाजवून दाखवत नाही. एसक्यूमध्ये अगदी मागे, मध्यभागी ठेवलेला आवाज मोनो केला की दोन्ही पोती एकमेकांना खाऊन टाकतात आणि तो आवाज नाहीसाच होतो. तेव्हा स्क्रू बसवण्यापुरतंच मोनो, उतरवताना नाही.

कुणी म्हणेल, एवढा जीव का टाकता? ‘शोले’ आठवा. १५ ऑगस्ट १९७५. मुंबईच्या मिनर्व्हात ७० मिमी.चा पडदा आणि सहा मार्गांचा आवाज. नाणं उडालं की लोक खुर्चीखाली शोधायचे म्हणतात. आमच्या भागात आम्ही तो एका भोंग्यावर पाहिला, आमच्या खुर्चीखाली काही पडलं नाही. तर त्या ७० मिमी.ची एकही प्रत पुढे उरली नाही. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याला जीर्णोद्धार केलेला ‘शोले’ दाखवला, त्यासाठी फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कुठे कुठे हात घालावा लागला! मूळ कॅमेरा निगेटिव्ह खराब झालेली. आवाज मात्र मूळ साउंड निगेटिव्हवरून आणि जपून ठेवलेल्या मॅग्नेटिक फितींवरून घेता आला. कुणीतरी कोठीत बियाणं ठेवलं होतं, म्हणून. केबलवर वर्षानुवर्षं चाललेल्या प्रती सगळ्यांकडे होत्या, पण तो तांदूळ होता.

स्टुडिओच्या काचेपलीकडून बाई एक बोट दाखवताहेत. एक मिनिट. सीडी-४ च्या रेकॉर्डींबद्दल सांगायचंच राहिलं. सीडी-४ म्हणजे आपली चकचकीत सीडी नव्हे, ती काळी रेकॉर्डच; पण पुढच्या-मागच्या आवाजांतला फरक ३० हजार हर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवलेला असतो. साधी सुई तो घासून टाकते, तेव्हा कव्हरवर सीडी-४ दिसलं तर घरच्या सुईखाली ती रेकॉर्ड मुळीच घालू नका. योग्य सुई मिळवून ९६ हजारांवर उतरवली तर ती वाहक लहरही फाईलमध्ये येते आणि मग संगणकावरच... नाही, आता वेळ नाही.

काकाजी ऐकत असतील तर त्यांना एवढंच सांगायचंय, ती वाकलेली रेकॉर्ड फेकू नका. दोन काचांमध्ये ठेवून मी अजून एकदा प्रयत्न करीन म्हणतो, आणि या खेपेला धुणार काही नाही. बाकी सगळ्यांनी आज रात्री कपाट उघडा, कव्हरचे कोपरे बघा. एसक्यू दिसलं तर आधी...