अविवाहित जोडीदाराचा अर्ज : कागद आणि आपली जबाबदारी
(वर्षावासानिमित्त लोहा येथे झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



मी वकील नाही की परदेशात राहिलेला माणूस नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेत कारकून. सही जुळते की नाही, पत्ता बरोबर आहे की नाही, हे पाहण्यात वीस वर्षे गेली. तरीही संयोजकांनी मला या विषयावर बोलावयास सांगितले, त्याचे कारण माझ्या घरातच घडलेली गोष्ट आहे.

माझी पुतणी परिचारिका आहे. नांदेडला शिकली, तेथून लंडनला नोकरीस गेली. तेथे जन्मलेल्या, ब्रिटिश नागरिक असलेल्या मुलाशी तिचे जुळले व दोघे एका घरात राहू लागले. लग्न लोह्यातच, आजीच्या डोळ्यांसमोर करायचे असा दोघांचा निश्चय होता. परंतु कधी त्याची रजा नाही, कधी आजीचे दुखणे, असे करीत तारीख पुढे गेली. इकडे तिच्या नोकरीच्या परवान्याची मुदत संपत आली. तेव्हा तिने ब्रिटिश नागरिकाची अविवाहित जोडीदार म्हणून तेथे राहण्याचा अर्ज भरण्याचे ठरविले.

वहिनी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्ही रोज कागदं बघता. हे अनमॅरिड पार्टनर म्हणजे काय हो? सरकारी कागदावर माझ्या लेकीला असं लिहायचं?" माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. पुढे वाचून, विचारून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

मित्रहो, या शब्दामागे इतिहास आहे. जानेवारी १९७९ मध्ये एक भारतीय शिक्षिका लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. लग्न ठरले होते, व्हायचे होते. त्या काळी लग्नासाठी येणाऱ्या वाग्दत्त वधूला आगाऊ परवाना लागत नसे, पत्नीला लागत असे. ही बाई आधीच विवाहित असावी असा अधिकाऱ्यांना संशय आला आणि तिचे 'अविवाहितपण' तपासण्यासाठी डॉक्टरकडून तिची कौमार्य तपासणी करण्यात आली. ही बातमी छापून येताच गदारोळ झाला व त्याच फेब्रुवारीत असल्या तपासण्या बंद करण्यात आल्या. बाईच्या शब्दावर विश्वास नाही, कागदही नाही, मग तिच्या देहालाच कागद समजले गेले. आजही हे सांगताना मान खाली जाते.

त्यानंतर अठरा वर्षांनी, १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये, ज्यांना कायद्याने लग्नच करता येत नाही अशा जोडप्यांसाठी त्या देशाने सवलत काढली. अट चार वर्षे एकत्र राहण्याची होती. १९९९ मध्ये ती दोन वर्षांवर आली. मुख्यतः समलिंगी जोडप्यांनी त्यासाठी झगडा दिला होता. आज लग्न केलेले नाही असे कोणतेही जोडपे ही वाट धरू शकते. जानेवारी २०२४ अखेरपासून तर दोन वर्षे एकाच छपराखाली राहिलेच पाहिजे असेही नाही. दोन वर्षे विवाहासारखे नाते असल्याचे दाखवावे लागते. कॅनडा व ऑस्ट्रेलियातही अशी सोय आहे, तेथे साधारणपणे बारा महिने एकत्र राहिल्याचा पुरावा मागतात.

म्हणजे आपण ज्याला नाव ठेवतो तो शब्द तेथे कायद्यातील एक वर्ग आहे. तो चारित्र्याचा दाखला नव्हे.

आता पुरावा कसला, तर येथे माझ्यातील कारकून जागा झाला. दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, दोघांच्या नावाने त्याच पत्त्यावर आलेली बिले, बँकेचे उतारे, काही काळ वेगळे राहिले असल्यास त्याचे कारण. शिवाय उत्पन्नाची अट. २०१२ पासून ती वर्षाला १८,६०० पौंड होती, ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांना ती २९,००० पौंड झाली. अर्जदार तेथेच परवान्याने नोकरी करीत असेल तर तिचाही पगार धरतात. पुतणीचे हे सर्व कागद नीट लावलेले होते. मी फोनवर म्हणालो, "पोरी, तू बँकेत लागायला पाहिजे होतीस." ती हसली.

परंतु एक अट जड गेली. अर्ज तेथूनच केला आणि निर्णय येण्यापूर्वी देश सोडला, तर अर्ज मागे घेतला असे समजतात. अर्ज गेला आणि पुढच्या महिन्यात माझी आई वारली. पोरीला येता आले नाही. अंत्यदर्शन तिने फोनवर घेतले. फोन मी धरला होता. ज्या आजीसाठी लग्न थांबविले, त्या आजीला ती शेवटचे भेटू शकली नाही. नियम तो नियम, कोणाला दोष देत नाही. पण अशा अर्जापूर्वी घरातील म्हाताऱ्या माणसांचा विचार करून तारीख ठरवावी, हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्या देशात काय आहे तेही पाहू. भारतीय नागरिकाच्या परदेशी अविवाहित जोडीदारासाठी येथे असा वर्ग नाही. ओसीआय कार्ड हवे तर नोंदणी झालेले लग्न आणि त्याला दोन वर्षे झालेली हवीत. विवाहाच्या आधारे नागरिकत्व मागायचे तर सात वर्षांचे वास्तव्य. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही, तेव्हा त्यांना ही दारे बंदच आहेत. मात्र २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की अशा जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास व एकमेकांचे नाव नॉमिनी म्हणून लावण्यास कोणतीही आडकाठी नाही. आमच्या काउंटरवरून पाहिले तर ही लहान गोष्ट नाही. संयुक्त खाते हा नात्याचा पहिला कागद असतो.

कोणी म्हणेल, आपण तर रीतसर लग्न लावणारी माणसे, आपल्याला काय त्याचे? बंधूंनो, एक प्रसंग सांगतो. एक भगिनी मयत पतीच्या खात्याचे पैसे घेण्यास आली. नॉमिनी लावलेला नव्हता. मंगल परिणय झालेला, चार लेकरे, सगळा गाव साक्षीला. पण लग्नाचा कागद एकही नाही. वारस ठरेपर्यंत तिला खेपा घालाव्या लागल्या. तीस वर्षांची पत्नी, पण कागदापुरती तीही अविवाहित जोडीदारच झाली होती! बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह केला तो नोंदणी पद्धतीने. आपल्या राज्यात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, नव्वद दिवसांत नोंद करावयाची असते, गावात ग्रामपंचायतीत ती होते. तरी आपण हॉल, बँड व जेवणावळीत लाख घालतो आणि नोंदणी विसरतो.

आणखी दोन गोष्टी मुलींच्या आयांसाठी. जोडीदाराच्या नावावर मिळालेला परवाना त्या नात्यावर उभा असतो. नाते तुटले तर तेथील कार्यालयास कळवावे लागते. पण छळ होत असेल तर ब्रिटनमध्ये अशा स्त्रीला, अविवाहित जोडीदारालासुद्धा, स्वतःच्या हक्काने कायम वास्तव्य मागता येते. परवाना जाईल या भीतीने मार खात राहू नये. आणि हे ती कोणाला सांगेल? ज्या आईने "तू आम्हाला मेलीस" म्हणून फोन ठेवला, तिला ती सांगणार नाही.

अर्जासोबत घरच्यांची पत्रे जोडता येतात. आठ दिवस वहिनींनी विचार केला, मग वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिले की ही माझी मुलगी, हा मुलगा मला ठाऊक आहे, दोघे एकमेकांना सांभाळतात. इंग्रजी नसलेल्या कागदाला प्रमाणित भाषांतर लागते, ते करून घेतले. मी वहिनींची सही तपासून पाहिली, सवयच आहे. सही थोडी हलली होती, पण खरी होती.

पुतणीला परवाना मिळाला. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येईल. त्याआधी दोघे लोह्याला येणार आहेत. लग्न साधेच होईल, आणि नोंदणी त्याच आठवड्यात होईल, ती जबाबदारी माझी.

तेव्हा माझी विनंती एवढीच की लग्नांची नोंद करा, खात्यावर नॉमिनी लावा, आणि परदेशातील लेकीचा फोन उचला. कागद तिला तेथे राहू देईल, पण तिचे माहेर आपणच आहोत.