शाळेतील संगणक आणि वेळेवरची दुरुस्ती
(रामटेक तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घरावरील कवेलू फेरण्याची चाल रामटेकच्या परिसरात फार जुनी आहे. फुटलेले कवेलू उन्हाळ्यात कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिल्या पावसात ते कळते, आणि तोवर घरातील धान्य भिजलेले असते. शाळेतील संगणकाची स्थिती अशीच आहे. मात्र पाऊस कोणाचे वाईट चिंतून घरात शिरत नाही. संगणकात शिरणारा चोर फट शोधीतच आलेला असतो.

संगणकाचा सर्व कारभार ज्या मूळ आज्ञावलीवर चालतो तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बहुतेकांच्या परिचयाची विंडोज ही त्यांपैकीच एक होय. अशी आज्ञावली कोट्यवधी ओळींची असते आणि ती मनुष्यांनी लिहिलेली असल्यामुळे तीत दोष राहतातच. दोष उघडकीस आला म्हणजे ती तयार करणारी कंपनी दुरुस्ती सिद्ध करून इंटरनेटवरून पाठविते. हेच 'अपडेट'. ते केवळ नव्या सोयींसाठी असते, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः त्याचा मोठा भाग सुरक्षिततेसाठी असतो. शिवाय दुरुस्ती प्रसिद्ध झाली की दोष कोठे होता हेही जाणकार चोरास कळते. म्हणून त्या दिवसापासून दुरुस्त न केलेला संगणक पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात असतो.

याचे प्रत्यंतर सन २०१७ मध्ये आले. विंडोजमधील एका गंभीर दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी प्रसिद्ध केली. पुष्कळांनी ती बसविली नाही. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू त्याच फटीतून सुमारे दीडशे देशांतील दोन लक्षांहून अधिक संगणकांत शिरला. त्याने कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. औषध दोन महिने आधी तयार होते. ते घेण्याचे तेवढे राहिले होते.

पुढचा आघात महाराष्ट्राच्या दारी आला. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा दुसरा विषाणू युक्रेनमधून पसरला. तेथून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या तिच्याशी संलग्न धक्क्याचे काम ठप्प झाले. यंत्रे असूनही हाताने काम चालविण्याचा प्रयत्न करावा लागला. मर्स्कला पुढे ४५,००० संगणक नव्याने सिद्ध करावे लागले. हा विषाणू जुन्या फटीचा उपयोग करी. शिवाय एका संगणकातील परवलीचे शब्द चोरून त्यांच्या बळावर शेजारच्या दुरुस्त संगणकातही शिरे. एकाच्या आळसाचा दंड शेजाऱ्यालाही भरावा लागतो, तो असा.

युक्रेनमध्ये त्याचा प्रवेश हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या दूषित अपडेटमधूनच झाला होता. मग अपडेटवर विश्वास का ठेवावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु एखादे औषध भेसळीचे निघाले म्हणून कोणी औषधच वर्ज्य करीत नाही. ते खात्रीच्या ठिकाणाहून घेतो. दूषित अपडेटचे प्रसंग विरळा. दुरुस्तीअभावी झालेली हानी नित्याची.

शाळेच्या संगणकात चोरण्यासारखे काय आहे, असाही प्रश्न निघतो. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी क्रमांक हे सर्व त्यात असते. आईबापांनी ते शाळेच्या विश्वासावर दिलेले आहे. दाखल-खारीज रजिस्टर जो शिक्षक कपाटात कुलूपबंद ठेवतो, त्याने हीच माहिती उघड्या दारात ठेवणे शोभत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. इंटरनेट मंद असते, वीज जाते, आणि माहिती भरण्याच्या घाईतच संगणक अपडेट मागतो. मग 'नंतर' या बटणावर बोट जाते. यावर उपाय म्हणजे ठरलेला दिवस. मायक्रोसॉफ्टच्या नियमित दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. त्यानंतरच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर हे काम करावे. आधी महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो काढून कपाटात ठेवावा. जोडलेला राहिल्यास तोही विषाणूच्या तावडीत सापडतो. अपडेट संगणकाच्या सेटिंग्जमधूनच करावे. पडद्यावर अवचित उमटलेल्या जाहिरातीवरून किंवा मोबाइलवर आलेल्या दुव्यावरून कदापि करू नये. शेवटी संगणक पुन्हा सुरू करावा, कारण पुष्कळ दुरुस्त्या त्याखेरीज लागू होत नाहीत. तारीख एका वहीत नोंदवून ठेवावी.

जुन्या संगणकांचा प्रश्न वेगळा आहे. विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० नंतर सर्वसाधारणपणे थांबली. विंडोज १० ची मोफत नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुदतवाढीच्या योजनेत नोंद नसेल, तर अशा संगणकात मुलांची माहिती ठेवू नये. तो इंटरनेटपासून तोडून पाठ दाखविण्यापुरता वापरावा आणि वरिष्ठ कार्यालयास लेखी कळवावे. नवे विंडोज न पेलणाऱ्या संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसविता येते. केरळातील सरकारी शाळांनी मुक्त आज्ञावलीवर शिक्षण चालवून ही वाट दाखविली आहे.

महिन्यातील एका शनिवारचा तासभर, एवढेच या कामाचे मोल आहे. तो तास ज्या शाळेत नेमाने दिला जाईल, त्या शाळेने गावाच्या विश्वासाची राखण केली असे म्हणता येईल.