घरची शाळा आणि आफ्रिकेचा इतिहास

(पालकांच्या सभेंत दिलेलें भाषण)



मागल्या महिन्यांत आमच्या वर्गांतील एक मुलगी रडत घरीं गेली. पोरांनीं तिला रंगावरून ‘हबशीण’ म्हणून चिडविलें होतें. आम्हीं पोरांना दटावलें. पण रात्रीं विचार करतां आमचीच चूक ध्यानांत आली. हबशी म्हणजे कोण, हें आम्हीं त्यांना कधीं सांगितलेंच नव्हतें. म्हणून आज तुमच्यापुढें उभे आहों.

आफ्रिका म्हणजे जंगल आणि गुलाम, एवढेंच आपल्या मुलांच्या कानीं पडतें. ज्यांना इतिहास नाहीं असें ठरविलें, त्यांना माणुसकीही नाहीं असें ठरविणें सोपें जातें. हा डाव आपणांस नवा नाहीं. शूद्रातिशूद्रांवर पोथीवाल्यांनीं हाच डाव खेळला. तो आपण दुसऱ्यावर कां खेळावा?

हें शिक्षण घरीं देतां येतें, त्यास पैसा लागत नाहीं. आईनें भाकरी थापतांना सांगावें कीं, बाळ, ज्वारी, बाजरी आणि नाचणी हीं तिन्ही धान्यें प्रथम आफ्रिकेंतल्या शेतकऱ्यांनीं रानगवतांतून निवडून पेरलीं; हजारों वर्षांपूर्वीं तीं आपल्याकडे आलीं. ज्यांचें बियाणें खाऊन आपण वाढलों, त्यांचें नांव शिवी कसें होईल?

बापानें बांधाला दगड लावतांना झिंबाब्वेची गोष्ट सांगावी. तेथें चुना न वापरतां रचलेल्या दगडी भिंती आहेत. कांहीं सुमारें ३६ फूट उंच. गोरे वसाहतवाले म्हणत, हें काम काळ्यांचें नव्हे, बाहेरून आलेल्या कोणाचें तरी. १९०५ सालीं व पुन्हा १९२९ सालीं संशोधकांनीं खोदून पाहून तें खोटें ठरविलें. १९८० सालीं स्वतंत्र झाल्यावर त्या लोकांनीं देशाला त्याच भिंतींचें नांव दिलें.

ओतारी बांधवांनीं बेनिनच्या ओताऱ्यांविषयीं सांगावें. मेणाचा आकार, वर मातीचें लिंपण, मग मेण वितळवून त्या जागीं पितळेचा रस. अशा रीतीनें त्यांनीं राजवाडा सजविला. १८९७ सालीं इंग्रज फौजेनें तें काम लुटून नेलें.

आणि मलिक अंबर तर आपल्याच मुलखांतला झाला. हबसाणांत सुमारें १५४८ सालीं जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादेवरून दक्षिणेंत आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० सालीं त्यानें खडकी वसविली. तेंच पुढें औरंगाबाद, आजचें छत्रपति संभाजीनगर. तेथें त्यानें जमिनीखालून नहरीचें पाणी आणलें. जमिनीची प्रत पाहून सारा बांधला. १६२४ सालीं भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्याच बाजूनें लढले.

गुलामीची हकीकत लपवूं नये. जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला, तो उगीच नव्हे. परंतु मुलांना आधीं त्या लोकांचे कामकरी हात दाखवावे, मग बेड्या. नुसत्या बेड्या दाखविल्या तर मूल कींव करील, मान देणार नाहीं.

ती मुलगी पुन्हा शाळेंत येऊं लागली आहे. पोरांना दटावणें आमच्या हातीं आहे. त्यांचें मन घडविणें तुमच्या हातीं. आज रात्रीं जेवावयास बसाल तेव्हां भाकरीपासूनच आरंभ करा.