तळ्यात मासे सोडणारा माणूस

आजचा भाग एका तळ्याबद्दल आहे आणि थोडा त्यातल्या भांडणाबद्दल. तळं म्हणजे अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातलं क्रेटर लेक. मी पोर्टलंडजवळ नोकरी करतो, तिथून गाडीने पाचेक तास. आतापर्यंत तीनदा गेलोय, पाहुणे आले की जावंच लागतं.

क्रेटर म्हटलं की आपल्याला लोणार आठवतं. पण लोणार उल्का पडून झालं, हे ज्वालामुखीतून. माझामा नावाचा मोठा पर्वत होता. साधारण ७,७०० वर्षांपूर्वी तो इतका फुटला की पोटातला लाव्हा बाहेर पडून पोकळी झाली आणि अख्खा माथा आत कोसळला. तिथल्या क्लॅमथ लोकांच्या पारंपरिक कथांत या कोसळण्याची आठवण आहे, म्हणजे त्यांच्या पूर्वजांनी ते पाहिलं असणार. मग त्या खड्ड्यात पाऊस आणि बर्फ साठत गेला. खोली ५९४ मीटर. आठ कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी बुडतील.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. या तळ्याला नदी येऊन मिळत नाही आणि यातून नदी निघतही नाही. वरून पडेल तेवढंच पाणी, आणि बाष्पीभवन व झिरपणं यांतून जाईल तेवढंच कमी. म्हणून गाळ जवळजवळ नाही. पाणी किती स्वच्छ आहे हे बघायला एक काळी-पांढरी थाळी दोरीने खाली सोडतात आणि ती दिसेनाशी होईपर्यंतची खोली मोजतात. इथे साधारण तीस मीटरपर्यंत ती दिसते. १९९७ मध्ये ४१.५ मीटरपर्यंत दिसली होती. एरवी आपल्या माहितीतल्या धरणात दोन-तीन मीटर खालचं दिसलं तरी पाणी स्वच्छ म्हणायचं!

आणि नदी नाही, म्हणून मासेही नव्हते. येणार कुठून?

गेल्या ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन गेलो होतो. बाबा रत्नागिरीचे. कड्यावर उभे राहून त्यांनी दोन मिनिटं त्या निळ्या रंगाकडे पाहिलं आणि विचारलं, "मासे आहेत का रे यात?" आई म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच." पण मला हसू आलं ते वेगळ्या कारणाने. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी इथे उभं राहून अगदी हाच प्रश्न विल्यम ग्लॅडस्टन स्टील या माणसाला पडला होता.

स्टील म्हणजे या तळ्याचा तारणहार. १८८५ मध्ये तो पहिल्यांदा इथे आला आणि पुढची सतरा वर्षं त्याने पत्रं, निवेदनं, भाषणं यांचा सपाटा लावला. अखेर १९०२ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं. तो नसता तर इथली जंगलं कधीच कापली गेली असती असं मला वाटतं. १८८६ च्या सरकारी मोजणीतही तो होता. त्या टीमने होडी कड्यावरून खाली उतरवली, पियानोच्या तारेला वजन बांधून खोली मोजली आणि आकडा आला ६०८ मीटर. आजच्या सोनारपेक्षा फक्त चौदा मीटर जास्त. तारेने! माझ्यासारख्या इंजिनिअरने इथे टोपी काढायलाच हवी.

तर या भल्या माणसाने १८८८ मध्ये ट्राउटची पिल्लं आणून तळ्यात सोडली. एवढं सुंदर तळं आणि गळ टाकायला मासा नाही, म्हणून. त्यानंतर १९४१ पर्यंत लोक मासे सोडतच राहिले. सहा जातींचे मिळून सुमारे अठरा लाख. त्यांतल्या दोनच टिकल्या, रेनबो ट्राउट आणि कोकनी सॅमन. (नाव ऐकून बाबा खूश झाले, पण त्याचा कोकणाशी काही संबंध नाही.)

खरी गडबड पुढे आहे. मासे सोडले, मग ते खाणार काय? म्हणून १९१५ मध्ये त्यांचं खाद्य म्हणून क्रेफिश आणून सोडले. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला छोटा शेवंडच समजा. तेव्हा स्टील स्वतः उद्यानाचा अधीक्षक होता. आमच्या भाषेत सांगायचं तर एका फीचरसाठी दुसरी डिपेंडन्सी ओढून आणली, आणि ते फीचरही कोणी मागितलेलं नव्हतं.

या तळ्यात एक न्यूट राहतो. दिसायला पालीसारखा, पण नात्याने बेडकाजवळचा, उभयचर. माझामा न्यूट. हा जगात फक्त याच तळ्यात आहे. त्याचे बाहेरचे भाऊबंद प्रचंड विषारी असतात. इथे हजारो वर्षं त्याला खाणारं कोणी नव्हतं, त्यामुळे याचं विष अगदी नावापुरतं उरलंय. अशा प्राण्यासमोर नांग्या असलेला क्रेफिश आला. क्रेफिश न्यूटला खातो, आणि न्यूटचं अन्न असलेले किडेही फस्त करतो. ते किडे दगडावरचं शेवाळ खायचे. किडे गेले की शेवाळ वाढतं. म्हणजे ज्या स्वच्छ पाण्यासाठी तळं नावाजलेलं आहे, त्याच्याच काठावर परिणाम.

दहा-बारा वर्षांपूर्वीच क्रेफिशने जवळपास ऐंशी टक्के काठ व्यापल्याचं संशोधकांनी नोंदवलं. जिथे क्रेफिश, तिथे न्यूट जवळजवळ नाहीत. असंच चाललं तर न्यूट संपतील, असंही त्यांनी लिहून ठेवलंय.

मग काढून टाका की क्रेफिश! मीही आधी हेच म्हणालो होतो. पण औषध टाकलं तर न्यूटही मरणार. सापळे लावायचे तर तळं साडेनऊ किलोमीटर लांब, आठ रुंद, काठ सगळा उभ्या कड्यांचा. इथे रोलबॅकचं बटण नाहीये. त्यामुळे "मानवाचा स्पर्श न झालेलं तळं" असं कुठे लिहिलेलं दिसलं की माझी चिडचिड होते. स्पर्श झालाय. फक्त तो वरून दिसत नाही.

बाबांना हे सगळं सांगितल्यावर ते जरा गप्प बसले. मग म्हणाले, "मग पकडून खायला काय हरकत आहे?" आणि गंमत म्हणजे मासे पकडायला खरंच हरकत नाही. इथे मासेमारीला परवाना लागत नाही, किती पकडायचे यावर मर्यादा नाही. राष्ट्रीय उद्यानात! अट एकच, आमिष कृत्रिम हवं. गांडूळ, अंडी, जिवंत काहीही बाहेरून आणायचं नाही. कारण तुम्हाला आता माहीत आहे.

जाणार असाल तर एक सांगतो. पाण्यापर्यंत उतरायला क्लीटवूड कोव्हची एकच अधिकृत पायवाट आहे. सुमारे दोनशे मीटर उतार, आणि येताना तोच चढ, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी वरूनच बघावं. ती पायवाट उघडी आहे का हे उद्यानाच्या साइटवर आधी तपासा. बर्फ तर जूनमध्येही असतो. बाबांचा गळ टाकायचा बेत राहिलाय, त्यांच्या पुढच्या व्हिसावर. भेटू पुढच्या भागात.